सोलापूरच्या उन्हाळ्यात ग्राफिक कार्ड थंड कसं ठेवायचं: पेस्टपासून वेगळ्या फॅनपर्यंत

लग्नसराई आणि कडक ऊन आपल्याकडे एकदमच येतात. बाहेर पारा ४२-४३ वर, वर तापलेला स्लॅब आणि मशिनवर रात्रभर एक्सपोर्टला लावलेली लग्नाची फिल्म. मी सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या (लूमच्या) वस्तीत राहते, लग्नाचे व्हिडिओ एडिट करते आणि ओळखीच्या स्टुडिओवाल्यांची मशिनं उघडायचं कामही हळूहळू माझ्याकडेच आलं आहे. दा विंची रिझॉल्व्हमध्ये नॉइज काढणं, रंग बसवणं हे सगळं काम ग्राफिक कार्डावर पडतं. त्यामुळे मे महिन्यात सगळ्यांची तक्रार एकच: "ताई, एक्सपोर्ट मधेच मंद होतो आणि फॅन किंचाळतो."

यावर इंटरनेटवर भरपूर सल्ला मिळतो, पण तो बहुतेक २०-२५ अंशांच्या खोलीत बसून दिलेला असतो. त्या खोल्यांत लूमचे सुताचे तंतूही उडत नसतात. आपल्याकडे दोन्ही गोष्टी आहेत आणि दुसरी जास्त त्रासाची आहे. म्हणून माझं मत आधीच सांगते: सोलापुरात कूलिंग निवडताना ते किती ताकदीचं आहे यापेक्षा ते सहज साफ करता येतं का, हे आधी बघा.

आधी मोजा

एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड हे तापमान दाखवणारे प्रोग्राम, दोन्ही फुकट आहेत. त्यात कार्डाचा नुसता मुख्य आकडा बघून थांबू नका. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं तापमान, तेही बघा. मुख्य आकडा आणि हॉटस्पॉट यांच्यात साधारण १०-१५ अंशांचा फरक असतो. तो २५ च्या वर गेला असेल तर चिपवरची उष्णता नेणारी पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, चिपवर नीट टेकत नाही. मेमरीचं तापमान प्रत्येक कार्ड दाखवत नाही. आरटीएक्स ३०८०, ३०९० सारख्या जीडीडीआर ६ एक्स मेमरीच्या कार्डांवर ते दिसतं. तिथे ११० अंशांना मेमरी स्वतःहून वेग कमी करते.

बाजूला एक साधा थर्मामीटर ठेवा आणि खोलीचं तापमानही लिहून ठेवा. ही पायरी बरेच जण सोडतात आणि मग विनाकारण घाबरतात. समजा गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, खोली २५ अंश असताना कार्ड ६८ वर चालत होतं. म्हणजे फरक ४३ चा. मे महिन्यात तीच खोली ३९ झाली की तेच कार्ड ८२ दाखवणारच. त्यात बिघाड काही नाही. खोली जेवढे अंश वाढते, साधारण तेवढेच अंश कार्ड वाढतं. पण तोच फरक ४३ वरून ५२ झाला, तर मात्र कुठेतरी हवा अडली आहे किंवा पेस्ट गेली आहे.

एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांचं ठरलेलं लक्ष्य ८३ अंशांचं असतं. तिथे पोचलं की कार्ड बंद पडत नाही, स्वतःचा वेग उतरवत राहतं. एक्सपोर्टचा बाकी वेळ मधेच वाढायला लागतो तो याच कारणाने. मोजताना रोजचंच काम लावा आणि अर्धा तास चालू द्या. फरमार्कसारखा प्रोग्राम कार्डावर खऱ्या कामात कधी पडत नाही एवढा भार टाकतो. उन्हाळ्यात त्याची गरज नाही.

पैसे न लागणारं आधी उरका

कॅबिनेटची बाजूची पत्र्याची किंवा काचेची झडप काढा आणि तेच काम पुन्हा लावा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं, तर कार्डाला नवीन कूलर नको आहे, कॅबिनेटमध्ये हवा यायला वाट हवी आहे. पुढे काच आणि बाजूला बोटभर फट अशी कॅबिनेटं दिसायला छान असतात, पण आपल्या हवामानात ती कोंडतात. पुढे जाळी हवी, पुढून दोन फॅन आत हवा घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे हवा फिल्टरमधूनच येईल आणि फटीफटीतून तंतू ओढले जाणार नाहीत. फिल्टर बारीक नायलॉन जाळीचा घ्या. स्पंजचा फिल्टर हवा अडवतो आणि त्यातले सुताचे तंतू धुऊनही निघत नाहीत. लूम जवळ असतील तर जाळी दर आठवड्याला नळाखाली धरा, पूर्ण वाळल्यावरच लावा.

दुसरं, एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यायची ती मर्यादा, कमी करा. आरटीएक्स ३०६० हे १७० वॉटचं कार्ड आहे. लिमिट ८० टक्क्यांवर आणली की ते १३६ वॉटच्या आसपास चालतं आणि काम थोडंसंच मंदावतं. म्हणजे ३४ वॉट उष्णता तयारच होत नाही, ती बाहेर काढायचा प्रश्नच नाही. अजून पुढे जायचं तर कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडा आणि त्याच वेगाला थोडं कमी व्होल्टेज द्या. हे एकदम करू नका. थोडं उतरवा, एक पूर्ण एक्सपोर्ट होऊ द्या, मगच पुढचं पाऊल. स्क्रीन काळी झाली किंवा रेंडरमध्ये हिरवे-गुलाबी चौकोन आले तर एक पायरी मागे या.

फॅनचा आलेखही तिथेच आहे. पुष्कळ कार्डांचे फॅन ५० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत बंदच राहतात. हिवाळ्यात ठीक, पण एप्रिल ते जून ती सोय बंद करून फॅन ३० टक्क्यांवर सतत फिरते ठेवा.

एअर कूलरबद्दल लोक विचारतात. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर खोली चांगली थंड करतो आणि त्याचा फायदा कार्डाला थेट मिळतो. पण कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर येऊ देऊ नका. बोअरचं जड पाणी असेल तर कूलरच्या पॅडवर पांढरा थर बसतो तो तुम्ही पाहिलाच असेल. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार उडाले तर तेच क्षार कार्डावर जाऊन बसतात. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि एक खिडकी उघडी ठेवा.

कार्ड उघडणं

वॉरंटी चालू असेल तर स्क्रूवरचा स्टिकर फोडण्याआधी विक्रेत्याला विचारा, आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.

साहित्य फार नाही: बारीक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंट न सोडणारं कापड, रंगकामाचा मऊ ब्रश. काढण्याआधी कार्डावर पाच-दहा मिनिटं काम लावा, म्हणजे आतली पेस्ट मऊ होते आणि हीटसिंक सुटायला त्रास देत नाही. मग मशिन बंद करा, यूपीएसपासूनही सोडवा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावा. मदरबोर्डच्या स्लॉटला टोकाशी छोटी कडी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका.

कार्ड पालथं घातलं की चिपभोवती स्प्रिंगचे चार स्क्रू दिसतात. एक पूर्ण काढून दुसऱ्याकडे जायचं नाही. समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत चला. कागदावर कार्डाचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते. हीटसिंक वर उचकटू नका. हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, तो सुटतो. सुटला तरी लगेच बाजूला नेऊ नका, खाली फॅनची आणि दिव्यांची वायर असते. तिचा प्लग चिमट्याने धरून काढा, वायर ओढून नाही.

खालच्या मजल्यावर टॉवेलचे लूम असलेल्या एका स्टुडिओचं कार्ड मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आलं. बाहेरून अगदी स्वच्छ. फॅन फुंकलेला, पाती पुसलेली, छान फिरत होता. तापमान मात्र ८३ ला टेकलेलं. वरचं प्लास्टिकचं आवरण काढलं तेव्हा फॅन आणि फिन, म्हणजे हीटसिंकच्या पातळ धातूच्या पट्ट्या, यांच्यामध्ये राखाडी-पांढरा थर दिसला. चिमट्याने एक कोपरा धरला आणि तो घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड उचलला गेला. खालच्या बाजूला फिनच्या रेघा उमटलेल्या आणि मधे एक गुलाबी धागा, खाली तयार होणाऱ्या टॉवेलांच्याच रंगाचा. ब्लोअरने बाहेरून मारलेली हवा तिथपर्यंत पोचतच नाही, उलट थर आत दाबला जातो. तो थर काढला, जुनी पेस्ट बदलली आणि कार्ड सुधारलं. नवीन काही घ्यावं लागलं नाही.

ब्लोअर मारताना एक सांभाळा: फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. नुसत्या हवेने गरगर फिरू दिलं तर बेअरिंग खराब होतं.

पेस्ट आणि पॅड

जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा, चिपच्या कडेचे बारीक पार्ट खरवडू नका. प्रोसेसरला मधोमध ठिपका चालतो, कारण तिथे वर धातूचं झाकण असतं. ग्राफिक चिप उघडी असते, म्हणून पेस्ट कोपऱ्यापर्यंत सगळीकडे पातळ पसरवा. एमएक्स-४, एमएक्स-६, एनटी-एच १ यांपैकी कुठलीही चालेल. रोज तापून-निवून पातळ पेस्ट हळूहळू चिपच्या कडेला ढकलली जाते आणि मध्ये कोरडं पडतं. ज्यांचं मशिन दिवसरात्र चालतं त्यांना मी हनीवेलचं पीटीएम ७९५० सांगते. हा पेस्टऐवजी लावायचा पातळ, मऊ तुकडा असतो, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन चिपवर बसतो आणि पेस्टसारखा सरकत नाही. मात्र आपल्याकडे मेच्या दुपारी तो हातातच चिकट होतो आणि वरचा कागद सोलताना फाटतो. लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. आणि विश्वासाच्या ठिकाणाहूनच घ्या, नकली फार आहेत.

लिक्विड मेटल नको. ते गॅलियमचं असतं, अॅल्युमिनियम खातं आणि विजेचं वाहकही असतं. एक थेंब बाजूला गेला की कार्ड संपलं.

पॅडवर मात्र घाई करू नका. मेमरी आणि पॉवरचे पार्ट पॅडमधून, म्हणजे उष्णता नेणाऱ्या मऊ पट्ट्यांमधून, हीटसिंकला टेकतात आणि पॅडची जाडी जागेनुसार अर्धा, एक, दीड, दोन मिलिमीटर अशी बदलते. जुना पॅड दबलेला असतो, म्हणून त्याची मोजलेली जाडी फसवते. तुमच्या कार्डाच्या नेमक्या मॉडेलची जाडी शोधून घ्या. पॅड जाड झाला तर हीटसिंक उचलला जातो आणि चिपला टेकतच नाही. मग मेमरी थंड आणि चिप शंभरावर, असा उलटा प्रकार होतो. जाडी कळत नसेल तर थर्मल पुट्टी घ्या. ती मळलेल्या कणकेइतकी मऊ असते, जेवढी फट तेवढीच दबते.

टेकलं की नाही हे बघायची खात्रीची रीत एकच. पेस्ट लावून हीटसिंक चारही स्क्रूंनी तिरप्या क्रमाने आवळा आणि पुन्हा उघडा. चिपवर पेस्टचा सगळीकडे सारखा, जवळजवळ पारदर्शक थर उरला पाहिजे. एका कोपऱ्यात जाड उरली असेल तर त्या बाजूचा पॅड जाड आहे किंवा स्क्रू सैल आहे. पेस्ट पुन्हा लावून मगच बंद करा. पीटीएम लावायचं असेल तरी ही तपासणी आधी साध्या पेस्टने करून घ्या.

मूळ फॅन काढून १२० चे फॅन लावणं

इथपर्यंत सगळं करूनही आवाज आणि तापमान जास्तच असेल, तर आपल्या भागासाठी मला हा उपाय सगळ्यात पटतो. कार्डाचा मूळ हीटसिंक तसाच ठेवायचा, फक्त वरचं प्लास्टिक आणि छोटे फॅन काढायचे, आणि फिनवर कॅबिनेटचे १२० मिलिमीटरचे दोन फॅन बांधायचे. मेमरीचे पॅड, पॉवरचे पार्ट, काहीच हलत नाही. मोठा फॅन कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतो, म्हणून आवाज उतरतो. आणि आवरण नसल्यामुळे फिन उघड्या दिसतात. तंतू साचले की बांधलेले केबल टाय कापा, फॅन उचला, ब्रश फिरवा, पुन्हा बांधा. कार्ड उघडायची गरज नाही.

आधी तीन गोष्टी मोजा. हीटसिंकची लांबी २४० मिलिमीटरच्या आसपास असेल तर दोन फॅन पूर्ण बसतात. तोकडा असेल तर दुसरा फॅन थोडा बाहेर लोंबतो, चालतं, पण अर्धा बाहेर असेल तर ९२ चे फॅन बघा. दुसरं म्हणजे उंची. साधा फॅन २५ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे दोन स्लॉटचं कार्ड तीन स्लॉटचं होतं. खाली जागा नसेल तर १५ मिलिमीटरचे पातळ फॅन मिळतात. तिसरं, वरच्या प्लास्टिकच्या आवरणाचे स्क्रू हीटसिंकला किंवा मागच्या पट्टीलाही धरून नाहीत ना, हे नीट पाहा. काही कार्डांत असतात.

फॅन दाबाचे घ्या, म्हणजे फिनमधून हवा रेटणारे. आर्क्टिकचा पी १२ पीडब्ल्यूएम स्वस्त आणि चांगला आहे, नॉक्टुआचा एनएफ-ए१२x२५ महाग आणि अधिक शांत. फ्रेमवर बाण असतो, हवा फिनच्या दिशेने गेली पाहिजे. फॅन आणि हीटसिंकमधल्या कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवा, नाहीतर हवा बाजूने निसटते. केबल टाय फॅनच्या भोकातून आणि फिनच्या टोकाच्या पट्टीतून ओवा. कार्डाच्या पाठीमागे टोकदार सोल्डरवरून टाय ओढून आवळू नका.

वायरिंगला कार्डावरचा छोटा चार-पिनचा सॉकेट आणि फॅनचा मोठा चार-पिन यांच्यामध्ये जोडवायर लागते, एका टोकाला दोन फॅन घेणारी. मूळ फॅनच्या मागे किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. नवीन दोन्ही फॅनची बेरीज त्याहून कमी हवी. पी १२ सारखे फॅन फारच कमी घेतात, त्यामुळे सहसा अडचण येत नाही. जोडवायर मिळाली नाही तर फॅन मदरबोर्डला लावा आणि फॅन कंट्रोल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्यांना कार्डाच्या तापमानावर चालवा. ही वायर सोलापुरात दुकानात सहसा मिळत नाही. ऑनलाइन मागवा, किंवा पुण्याला काम असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन तपकीर गल्लीत बघा, संध्याकाळच्या गाडीने परत.

वजन वाढतं, म्हणून कार्डाच्या मोकळ्या टोकाखाली आधार द्या.

तयार मोठे कूलर, आणि पाण्याचे

मूळ हीटसिंकच लहान असेल, किंवा त्याची उष्णता नेणारी नळी (हीटपाइप) वाकली असेल, तर पूर्ण कूलर बदलायचा. रायजिनटेकचा मॉर्फियस यात नावाजलेला आहे: बारा हीटपाइप, आणि १२० चे दोन फॅन वेगळे घ्यायचे. आरएक्स ५८०, जीटीएक्स १०७० सारख्या जुन्या कार्डांना हे कूलर बसतात. नव्या कार्डांसाठी पर्याय कमीच आहेत. घेण्याआधी चिपभोवतीच्या भोकांमधलं अंतर मोजून कूलरच्या यादीशी जुळवा, आणि चिपशेजारी कुठला उंच कॅपॅसिटर आड येतो का तेही.

यात खरी मेहनत मेमरी आणि पॉवरच्या पार्टवर छोटे हीटसिंक चिकटवण्यात आहे. टॉवर कॅबिनेटमध्ये कार्डाची चिपची बाजू खाली असते, त्यामुळे नीट न चिकटलेला तुकडा गळून पडतो. जागा अल्कोहोलने पुसा, चिकटवून घट्ट दाबा आणि एक दिवस तसंच आडवं राहू द्या. ज्या कार्डाची मेमरी मागच्या बाजूलाही आहे, जसं आरटीएक्स ३०९०, त्याला असा कूलर लावू नका.

पाण्याचं सांगायचं तर एनझेडएक्सटीच्या जी १२ सारख्या पट्टीने प्रोसेसरचा तयार वॉटर कूलर कार्डावर बसवता येतो. चिप मस्त थंड होते, पण मेमरी आणि पॉवरच्या पार्टना पट्टीवरच्या छोट्या फॅनवर भागवावं लागतं. रेडिएटर, म्हणजे पाणी थंड करणारी फिनची जाळी, असा लावा की पंप सगळ्यात उंच जागी येणार नाही, नाहीतर हवेचा बुडबुडा पंपातच अडकतो. स्वतः जोडलेल्या पाइपांच्या पाण्याच्या यंत्रणेत नळाचं, बोअरचं किंवा आरओचं पाणी घालू नका, त्यासाठीचंच तयार द्रव घ्या, आणि तांब्याबरोबर अॅल्युमिनियमचे भाग मिसळू नका, गंज धरतो. स्टुडिओच्या मशिनला मी दोन्ही सुचवत नाही. रेडिएटरच्या फिन इतक्या दाट असतात की पूर्व भागात त्या लवकर बुजतात, आणि लग्नाच्या तारखा तोंडावर असताना गळती परवडत नाही.

सगळं जोडून झालं की पहिला तास मशिनसमोर बसा. फॅन फिरतो आहे हे डोळ्यांनी बघा, मग सुरुवातीला लिहिलेले तीनही आकडे पुन्हा घ्या: खोली, मुख्य चिप, हॉटस्पॉट. ते एका कागदावर तारखेसह लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा, पुढच्या एप्रिलमध्ये ताडून बघायला उपयोगी पडतात. काढलेलं प्लास्टिक, मूळ फॅन आणि उरलेले स्क्रू एका पिशवीत भरून कार्डाच्या खोक्यातच ठेवा. कार्ड विकताना गिऱ्हाईक ते आधी मागतं.